पावसात वाळणारं रोगण

सांवेर रोड, इंदूर
आषाढ वद्य पंचमी

चि. सोनूस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून इथे झड लागली आहे. शेडच्या पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज होतो, की शेजारच्या नमकीनच्या कारखान्यात काम चालू आहे की बंद, ते तळणाच्या वासावरूनच कळतं. पॉलिशचं काम मी तीन दिवस थांबवलंय. एका देव्हाऱ्याला चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, शेवटचा हात द्यायचा राहिलाय, पण अशा हवेत तो देता येत नाही. स्पिरिट उडताना थर गार पडतो, हवेतलं पाणी त्यात अडकतं आणि लाकडावर साय धरल्यासारखा पांढरेपणा येतो. म्हणून आषाढ-श्रावणात सांवेर रोडवरचे आम्ही पॉलिशवाले आभाळाकडे बघत बसतो. आणि तू नेमकं अशा रोगणाबद्दल विचारलंस, ज्याला वाळायला पाऊसच लागतो.

"एवढ्याशा नळीची किंमत पाहून हात मागे घेतला. जपानी उरुशीऐवजी स्वस्तात काय वापरू?" असं तू लिहिलंस. चपडा वापर, एवढं म्हणून पत्र संपवता आलं असतं. पण कारण कळलं नाही, तर चपड्याकडे तू कायम गरिबाची उरुशी म्हणून बघशील. ते मला नको आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की जून महिन्यापासून त्याच्या सालीवर आडव्या खाचा पाडायला सुरुवात होते. खाचेतून जो चीक पाझरतो तो थेंबाथेंबाने खरवडून डब्यात घ्यायचा. हे पानगळीच्या दिवसांपर्यंत चालतं. एवढं करून एका झाडातून हाती येतो जेमतेम दोनशे ग्रॅम चीक. जपानमधल्या नेहमीच्या पद्धतीत त्यानंतर ते झाड तोडतात आणि बुंध्याला नवे धुमारे फुटू देतात. आज जपानमध्ये वापरली जाणारी बहुतेक उरुशी चीनमधून येते. देशात निघणाऱ्या थोडक्या चिकातला मोठा वाटा उत्तरेकडच्या इवाते प्रांतातल्या जोबोजी या गावाच्या परिसराचा. राष्ट्रीय ठेवा असलेल्या मंदिरांच्या डागडुजीला शक्यतो देशी उरुशीच वापरावी, असं जपान सरकारने २०१५ मध्ये ठरवलं, तेव्हापासून या थोड्याशा चिकाला मागणी आणखी वाढली. तू हातात घेऊन परत ठेवलेली नळी म्हणजे एका झाडाच्या दहा-पंधरा वर्षांतला काही भाग होता. ती महाग असणारच.

आता ती वाळते कशी ते बघ. चपड्यातलं स्पिरिट उडून जातं आणि लाख मागे उरते. उरुशी वाळते ती काही उडून गेल्यामुळे नव्हे. तिच्यात उरुशिओल नावाचं तेलकट द्रव्य असतं, आणि त्याच्या जोडीला एक विकर. हे विकर हवेतला प्राणवायू घेऊन उरुशिओलचे रेणू एकमेकांत विणतं. उरुशी घट्ट होण्यामागे विकर आहे हे योशिदा हिकोरोकुरो या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये ओळखलं. विकराला काम करायला दमट हवा लागते: साधारण वीस ते तीस अंश तापमान आणि सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता. म्हणून जपानी कारागीर उरुशी लावलेली वस्तू ओलसर ठेवलेल्या लाकडी कपाटात ठेवतात. त्या कपाटाला ते 'फुरो' म्हणतात. न्हाणीलाही त्यांच्याकडे हाच शब्द आहे. आपण जिला वाळणं म्हणतो, ते उरुशीच्या बाबतीत अढीत आंबा पिकण्याच्या जास्त जवळ आहे.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी कळलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांनी जपानहून येताना माझ्यासाठी लहानशी नळी आणली. मला धीर धरवला नाही. भर वैशाखात, इंदूरच्या कोरड्या झळांमध्ये, मी ती एका सागवानी वाटीला लावली. आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले, वाटी चिकटच. धूळ बसू नये म्हणून खोक्याखाली झाकून ठेवली आणि मनातून सोडून दिली. मग मृगाचा पाऊस आला. तिसऱ्या दिवशी खोकं उचललं तर वाटी कडक, काळसर तपकिरी, आणि बोट फिरवलं तर दगडासारखी गार. ज्या हवेने माझं निम्मं काम दर वर्षी अडून राहतं, त्याच हवेने हे काम पुरं केलं होतं. इतकी वर्षं पावसाला मी नुसता अडथळा समजत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला कारागीर वाटला.

त्याच नळीने मला दुसराही धडा दिला. हातमोजे घातले होते, पण मनगट उघडं राहिलं. दोन दिवसांनी तिथे खाज सुटली, मग बारीक फोड आले, आणि पंधरा दिवस रात्रीची झोप नीट झाली नाही. तुझ्या आजीने हात पाहिला आणि लगेच म्हणाली, "अरे, हा तर बिब्बा उतलाय." तिला उरुशी ठाऊक नव्हती, तरी निदान अचूक होतं. उरुशीचं झाड, आपला बिब्बा, काजू आणि आंबा हे सगळे एकाच कुळातले. बिब्ब्याच्या तेलात उरुशिओलचंच सख्खं भावंड असतं. धोबी बिब्ब्याने कपड्यावर खूण करायचे, ती हवेत काळी पडायची आणि कितीही धुतलं तरी जायची नाही. तीसुद्धा अशीच एक न निघणारी काळी झिलई. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना धोब्याच्या या खुणांमुळे अंगावर पुरळ उठल्याचं त्यांच्याच डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय. तेव्हा कैरीच्या चिकाने तुझे ओठ सुजत असतील, तर उरुशीच्या वाटेला फार जपून जा. लांब बाह्या, मनगटावर ओढून घेतलेले मोजे, आणि थेंब लागलाच तर आधी खायच्या तेलाने पुसून मग साबण. पाण्याने धुवायला आधी धावू नकोस. पूर्ण पिकलेल्या उरुशीचा मात्र त्रास होत नाही. जपानमध्ये उरुशीच्या वाटीतून गरम सूप रोज पितात.

आता पर्याय. रंगाच्या दुकानात 'लॅकर' मागितलंस तर डबा मिळेल, पण त्यात ना उरुशी असेल ना लाख. संस्कृतातली लाक्षा, तिची लाख, तिच्यावरून पोर्तुगीजांचा लाक्रे आणि त्यावरून लॅकर. युरोपच्या व्यापाऱ्यांनी जपानी पेट्यांची चमक पाहिली आणि हिंदुस्थानातल्या लाखेचं नाव त्यांना देऊन टाकलं. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचा, काही तासांत वाळणारा 'ड्यूको' रंग आणला, आणि तेच नाव त्यालाही चिकटलं. आज इथे फवाऱ्याने मारतात ते एनसी लॅकर त्याच घराण्यातलं. ते झटपट होतं, स्वस्त पडतं, कारखान्याच्या कामाला ठीक आहे. पण त्याचा वास छातीत बसतो, आणि हाताने शिकावं असं त्यात फार थोडं आहे. तुझ्या खोलीत ते आणू नकोस.

दुसरा पर्याय काजूचा. काजूच्या टरफलातल्या तेलापासून जपानमध्ये गेल्या शतकाच्या मध्यावर उरुशीसारखं दिसणारं रोगण तयार झालं. त्याला ते 'काश्यू' असंच म्हणतात. मासेमारीच्या काठ्या, घरातले देव्हारे, स्वस्त भांडी यांवर ते चालतं. त्याला दमट कपाट लागत नाही, अंगावर उठण्याचा धोकाही बराच कमी, आणि रंगाची खोली उरुशीच्या पुष्कळ जवळ जाते. पण ते बनवताना फॉर्माल्डिहाइड वापरतात, म्हणून ज्यातून खायचं-प्यायचं त्या भांड्याच्या आत ते लावू नये असं माझं मत आहे. तुझी आजी सावंतवाडीची. लहानपणी बिया भाजताना टरफलाचा चीक उडून तिच्या हातावर पडलेला डाग तू पाहिला आहेस. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणलेलं झाड, त्याच्या टरफलाचा तो अंग जाळणारा चीक, आणि त्यातून जपानी कारागिराचं स्वस्त रोगण. आजीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ त्या डागाकडे बघत होती.

तिसरं जवसाचं तेल. इकडे त्याला अलसी म्हणतात. हेही उडून न जाता हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. पातळ हात लावायचा, अर्ध्या तासाने उरलेलं पूर्ण पुसून काढायचं आणि आठवडाभर उजेडात ठेवायचं. तुझं पुसून काढायचं वळण याच्यावर घडेल. उकळलेलं म्हणून विकतात त्यात वाळवणारे धातूंचे क्षार असतात, तेव्हा खाण्याच्या भांड्याला घाण्याचं कच्चं तेल बरं. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेव. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून ढीग करून ठेवायच्या नाहीत. त्या वाळताना आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात. माझ्या शेडमध्ये एकदा कोपऱ्यातल्या ढिगातून धूर निघाला होता. नशिबाने दिवसा निघाला. तेव्हापासून प्रत्येक चिंधी दोरीवर मोकळी पसरते किंवा पाण्याच्या बादलीत जाते.

आणि चौथा चपडा, म्हणजे आपली लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं घर बांधतात. गोंदिया-भंडाऱ्यापासून बालाघाट, छत्तीसगड, झारखंडपर्यंतच्या रानांत लाखेचं पीक निघतं. रांचीला १९२४ पासून तिच्यावर संशोधन करणारी संस्था आहे. लाख वितळवून, गाळून, पातळ पत्रा ओढून त्याचे तुकडे केले की चपडा झाला. औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटच्या दाण्यांवर जी लकाकी असते, तीही पुष्कळदा याचीच. इंदूरहून भोपाळ-इटारसीच्या वाटेवर नर्मदेकाठी बुधनी लागतं. तिथले कारागीर दुधीच्या लाकडाची खेळणी खरादावर फिरवत ठेवतात आणि रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतात. घर्षणाने लाख वितळून लाकडावर चढते. ना ब्रश, ना स्पिरिट.

आजीचा तो सावंतवाडीचा गोल डबा तुला आठवतो ना, दशावतार काढलेला? त्याच्यावरचा शेवटचा थर लाखेचा आहे. सावंतवाडीचे चितारी गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, करताना कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडू यांचे थर देत, दगडाने घोटत, मग चित्र काढत आणि वर लाख चढवत. जपानमधल्या वाजिमा गावचे कारागीर लाकडाच्या नाजूक कडांवर उरुशीने कापड चिकटवतात, त्यावर भाजलेल्या मातीची पूड उरुशीत कालवून थर देतात, घासतात, पुन्हा देतात. एकीकडे चिंचोका, दुसरीकडे झाडाचा चीक. रीत मात्र एकच: चमक वरच्या थरात नसते, ती खालच्या घोटाईत असते. या दोन्ही गावांनी ही विद्या जाता जाता राहिलेली पाहिली आहे. १९७०च्या सुमारास सावंतवाडीत गंजिफा जाणणारा चितारी शोधावा लागत होता. तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध कारागिराकडून ती विद्या स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यात नव्या हातांना कामाला बसवलं. वाजिमात १ जानेवारी २०२४ च्या भूकंपाने आणि आगीने कितीतरी कारखाने गेले, आणि तिथली माणसं अजून ते पुन्हा उभे करताहेत. म्हणून तुझ्यासारखी मुलगी हे शिकायचं म्हणते, तेव्हा मला मनापासून बरं वाटतं.

चपड्यापासून सुरुवात कर असं मी म्हणतो, त्याला स्वस्ताई हे खरं कारण नाही. वाळलेला चपडा स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतो. ओघळ आला, धूळ बसली, पांढरं पडलं, तर स्पिरिटचा हलका बोळा फिरव, तोच थर मऊ होऊन पुन्हा बसतो. नवा थर जुन्यात मुरून एक होतो. पिकलेल्या उरुशीवर स्पिरिट, आम्ल, उकळतं पाणी, कशाचाच परिणाम होत नाही. तिला बाधतं ते मुख्यतः ऊन. हा तिचा मोठेपणा आहे. पण त्यामुळेच तिच्यात राहिलेली चूकही तितकीच टिकते. जाड थर दिलास तर वरून सुरकुतते आणि आत ओली राहते. मग ती घासून लाकडापर्यंत जाण्यावाचून इलाज नाही. शिकणाऱ्या हाताला चुका मागे घेऊ देणारा गुरू हवा. तो आपल्या रानातच मिळतो आणि खिशाला परवडतो, हे आपलं भाग्य.

तर असं कर. हाताच्या तळव्याएवढे सागवानाचे सहा तुकडे घे. वाटी नको, सपाट तुकडेच. एकशे ऐंशी, दोनशे चाळीस, तीनशे वीस, चारशे अशा नंबरांच्या पॉलिशपेपरने क्रमाने घास. आम्ही त्याला इथे रेगमाल म्हणतो. रेषांच्या दिशेनेच घास, आणि प्रत्येक पायरीनंतर ओल्या फडक्याने पूस म्हणजे दबलेले तंतू उभे राहतील. एक लिटर स्पिरिटला दोनशे ग्रॅम चपडा या मापाने काचेच्या बाटलीत रात्रभर भिजव, सुती कापडातून गाळ, आणि बाटलीवर तारीख लिही. सहा महिन्यांनी तो जुना होतो, मग कडक वाळत नाही. दुकानातलं स्पिरिट विषारी असतं, तेव्हा खिडक्या उघड्या आणि गॅस बंद. कापसाचा बोळा धुतलेल्या मलमलीत बांध, तळाला एकही चुणी नको. त्याला चपडा पाज, हाताच्या मागच्या बाजूवर दाबून बघ. ओल लागावी, थेंब पडू नये. लाकडावर विमान उतरतं तसा कडेबाहेरून चालत्या हाताने उतरव आणि दुसऱ्या कडेने तसाच उचल. मध्येच थांबलीस की डाग पडला. दोन-तीन हात झाले की दुसऱ्या दिवसापर्यंत ठेव, मग बारीक पेपरने धूळ काढ आणि पुन्हा. तुकड्याच्या मागे थरांची संख्या आणि त्या दिवशीची हवा लिहून ठेव. गरम चहाचा पेला चपड्याला सोसत नाही, म्हणून डबी, चौकट, पेटी अशा कोरड्या वस्तूंना तो लाव.

हवेचंही एक वेळापत्रक मी माझ्यापुरतं लावलंय, ते तुझ्या गावच्या हवेप्रमाणे बदलून घे. चैत्र-वैशाखात जवस, कारण ऊन त्याला मानवतं. दसऱ्यापासून होळीपर्यंत चपडा, कारण हवा कोरडी आणि हात कोरडे. आणि आषाढ-श्रावणात, जेव्हा बाकी सगळं थांबतं, तेव्हा उरुशी. सहा तुकडे मनासारखे झाले की मला कळव. मग आपण दोघं मिळून एक नळी घेऊ. सुरुवात 'फुकी-उरुशी'ने करायची: कच्ची उरुशी लाकडात चोळायची, फडक्याने जवळजवळ सगळी पुसून काढायची, ओला टॉवेल अंथरलेल्या झाकणाच्या खोक्यात एक दिवस ठेवायची, हलकं घासायचं, आणि असं पाच-सहा वेळा. आत आर्द्रता मोजायचं लहान यंत्र ठेवायचं. थर इतका पातळ असतो की एक नळी पुष्कळ वाट्यांना पुरते, आणि जवसाने पुसून काढायला शिकवलेला हात इथे कामी येतो. आधी काळसर दिसेल, घाबरू नकोस. महिने जातील तसा तिचा रंग उजळत जातो आणि खालच्या लाकडाच्या रेषा वर येतात.

आजीच्या डब्यावर झाकणाच्या कडेला एक पांढरं कडं आहे. कोणीतरी कधीतरी गरम पेला टेकवला असणार. मला ते पाच मिनिटांचं काम आहे. जवळजवळ कोरडा बोळा, त्यात स्पिरिटचा नुसता वास, एकदोनदा वरून फिरवला की लाख पाणी सोडून देईल आणि मत्स्यावताराची शेपटी पुन्हा दिसेल. हात जड पडला तर मात्र खालचं चित्रही निघून येईल. मी परवा बोळा हातात घेतला होता, पण आजी म्हणाली, "राहू दे, ती येईल तेव्हा करेल." तेव्हा डबा तसाच फळीवर ठेवलाय. दसरा झाला की हवा कोरडी होईल. येताना तुझे सहा तुकडे घेऊन ये. ते बघून ठरवू.

तब्येतीला जप. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा